मोटारीचा घसा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणची-मुरंबे झाले, विणकाम झाले, मुलांच्या आजारांवर डॉक्टरांची व्याख्याने झाली. या वर्षी चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही मोटार चालवता, तेव्हा मोटारीविषयी बोला." मोटार हा विषय मोठा आणि माझे ज्ञान बेताचे. म्हणून मी तिच्या एकाच अवयवाविषयी बोलणार आहे. त्या अवयवाचे तोंड लहान वाटीएवढे असते, त्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात, आणि तो आपल्याला घरच्या अंगणात साफ करता येतो. इंग्रजीत थ्रॉटल हा शब्द घसा या अर्थाच्या शब्दावरूनच आला आहे. तेव्हा आपण त्याला खुशाल मोटारीचा घसा म्हणू या.

मोटार पेट्रोल पिते हे सर्वांना दिसते, कारण पैसे आपण मोजतो. ती हवा किती घेते याचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. एक किलो पेट्रोल नीट जाळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे दर लिटरमागे अकरा किलो हवा, आणि मापात सांगावयाचे तर सुमारे नऊ हजार लिटर! उन्हाळ्यात आपल्या वाड्यावस्त्यांवर दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो डोळ्यांसमोर आणा. जुन्नरहून पुण्याला जाईपर्यंत लहानशी मोटारही असे चार-पाच टँकर भरून हवा ओढते. ही सगळी हवा आधी एअर फिल्टरमधून गाळली जाते आणि मग या वाटीएवढ्या घशातून इंजिनात शिरते.

घशात मध्यभागी एका दांडीवर बसवलेली एक गोल झडप असते. आपण पायाखालचा अॅक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, पाय काढला की मिटते. परंतु मिटली तरी ती हवा पुरती कोंडीत नाही. मोटार एका जागी उभी असून इंजिन चालू असते, तेव्हा झडपेच्या कडेने अगदी केसाएवढी फट राहते, किंवा बाजूने एक बारीक वाट ठेवलेली असते. त्यातून जी हवा जाते तिच्यावर इंजिन मिनिटाला सातशे ते नऊशे फेरे घेत शांतपणे फिरत राहते.

आता घाण कुठे बसते? नेमकी त्या केसाएवढ्या फटीत. इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ होते. ती बाहेर सोडली तर हवा खराब होते, म्हणून एका नळीने ती पुन्हा आत येणाऱ्या हवेत मिसळून देतात. त्या वाफेचा चिकट थर घशाच्या भिंतीवर बसतो आणि फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ त्यावर चिकटते. स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेने छताच्या कोपऱ्यात जे काळे किटण धरते ना, अगदी तसलेच. दसऱ्याला आपण ते सोडा लावून घासतो. मोटारीचा दसरा मात्र हार घालून आणि लिंबू ठेवून आटोपतो!

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे किटण लवकर धरावे यात नवल नाही. टोमॅटोच्या दिवसांत नारायणगावच्या बाजाराकडे धावणाऱ्या पिकअप, गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या, आणि शेताकडून डांबरी रस्त्याला लागणाऱ्या आपल्या मातीच्या वाटा. धुळीला तोटा नाही. शिवाय आपले फेरे आखूड. मुलाला शाळेत सोडले, बाजारातून किराणा आणला, मळ्यात डबा पोचवला. इंजिन पुरते तापण्याच्या आतच ते बंद होते, आणि थंड इंजिनात ही वाफ अधिक साचते.

यात बिघडते काय, असे आपण म्हणाल. मोटार वेगात असता काही बिघडत नाही, कारण तेव्हा झडप चांगली उघडी असते. बिघडते ते हळू चालताना. ते कसे, हे सांगण्यासाठी मला गेल्या श्रावणातली हकिकत सांगावी लागेल.

भीमाशंकरहून आम्ही घोडेगावकडे परत येत होतो. सासूबाई मागे बसलेल्या, पाऊस झिमझिमता, धुके इतके की डिंभ्याचे पाणीसुद्धा दिसेना. एका वळणावर मी वेग कमी करून क्लच दाबला, आणि इंजिन गप्प झाले. ज्या भगिनी मोटार चालवतात त्यांना सांगावयास नको, पण इतरांसाठी सांगते. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग एकदम जड होते. ब्रेकला जोर देणारी जी यंत्रणा असते तिचा साठा एक-दोन वेळा पाय दाबण्यापुरताच उरतो, आणि मग ब्रेकचे पायडल दगडासारखे लागते. ब्रेक नाहीसा होत नाही, पण सर्व बळ लावून दाबावा लागतो. मी तो तसा दाबला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला उभी केली. घोडेगाव येईपर्यंत हा प्रकार आणखी दोनदा झाला. सासूबाई घरी येईपर्यंत जप करीत होत्या. तो देवासाठी होता की माझ्यासाठी, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार एका गॅरेजात दाखवली. तिथे बॉनेट पुरते न उघडताच सांगण्यात आले की सगळा भाग बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात आमच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा आला असता. यजमान पैसे द्यावयास तयार झाले होते. मी म्हटले, थांबा, दुसऱ्याचे मत घेऊ. आमच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हवेची नळी सोडली, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि मला म्हणाले, "वहिनी, वाकून बघा." मी पाहिले. झडपेच्या कडेला काजळासारखी काळी कड धरली होती. मिस्त्री म्हणाले, "नवा भाग कशाला? याला फक्त आंघोळ पाहिजे." ती आंघोळ त्यांनी माझ्या देखत घातली, आणि पुढच्या खेपेस काय काय जपावयाचे ते समजावून दिले. त्यानंतर गेल्या फाल्गुनात मी स्वतः ते काम अंगणात केले. आज जे सांगते आहे ते त्या दोन खेपांचे आणि मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेच्या वाचनाचे फळ आहे. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच येत नाही!

यंत्रात हात घालणे हे आपले काम नव्हे, असे कोणाच्या मनात असेल तर एक गोष्ट सांगते. १८८८ सालच्या ऑगस्टात जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाईने, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार बाहेर काढली आणि आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइम या आपल्या माहेरगावी गेली. वाट शंभर किलोमीटरहून अधिक. मोटारीने केलेला इतका लांबचा तो पहिला प्रवास मानला जातो. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीला लावायची लांब टाचणी काढून ती मोकळी केली. इंधन संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना यात नवल वाटणार नाही. रॉकेलच्या स्टोव्हची तोटी तुंबली की पिन घालून ती मोकळी करण्याचे काम घरात कोण करीत असे? वात पिवळी पडली, काजळी धरू लागली, की हवा कमी पडते आहे हे आपल्या आईला कोणी शिकवावे लागले नव्हते. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून डेक्कन क्वीन बोरघाट उतरवून मुंबईस नेली, त्याला आता कितीतरी वर्षे झाली. त्यापुढे आपण वाटीएवढा घसा पुसण्यास भिऊ नये.

मात्र आधी दुखणे ओळखावे. सिग्नलला किंवा वळणावर पाय काढताच इंजिन थरथरते, काटा खालीवर होतो, एसी लावला की जास्तच, किंवा सकाळी अॅक्सिलरेटर दाबल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, तर घशाचा संशय घ्यावा. उलट, चढावर जोर लावताना गाडी झटके देत असेल, तर बहुधा हे दुखणे नव्हे. तिथे स्पार्क प्लग, इंधन, कधी तुंबलेला एअर फिल्टर पाहावा लागतो. आणि समोरच्या फळीवर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागून राहिला असेल, तर आधी यंत्र लावून बिघाड वाचून घ्यावा. उगाच दर सहा महिन्यांनी घसा घासत बसण्यातही अर्थ नाही. एअर फिल्टर बदलतेवेळी नळी सुटलेलीच असते, तेव्हा बॅटरीचा उजेड टाकून एकदा डोकवावे. स्वच्छ दिसले तर हात लावू नये.

हे सर्व पेट्रोलच्या मोटारीबद्दल झाले. जुन्या मोटारींना कार्ब्युरेटर असे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट किंवा १९८३ साली निघालेली पहिली मारुती ८०० आठवा. त्यांच्या सफाईची रीत निराळी. डिझेलच्या जीपला किंवा पिकअपला घरी हात लावू नका. डिझेल इंजिनाची रचना वेगळी असते आणि त्याच्या हवेच्या वाटेत जळाऊ फवारा गेला तर इंजिन आवरेनासे होऊन भलतेच फिरू शकते. विजेवरच्या मोटारीला तर हा घसाच नाही.

आता प्रत्यक्ष काम. मोटार उघड्यावर, वारा असेल अशा जागी, सपाटीवर लावावी. हँडब्रेक ओढावा. इंजिन पूर्ण थंड असावे, म्हणजे सकाळी करावयाचे असेल तर रात्रीपासून गाडी चालवलेली नसावी. जवळपास चूल, बंब, उदबत्ती, तुळशीपुढचे निरांजन, विडी ओढणारे मामंजी, काही नको. जो फवारा आपण वापरणार तो भडकन पेटतो. मुलांना दूर ठेवावे. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा असावा. डोळ्यात शिंतोडा गेला तर दिवसभर भोगावे लागते.

किल्ली घरात नेऊन ठेवावी. मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. हे थांबणे टाळू नये. कारण हल्लीच्या बहुतेक मोटारींत झडप तारेने ओढली जात नाही, छोट्या विजेच्या मोटरने फिरते. वीज चालू असता बोट आत गेले तर झडप ते चिमटू शकते.

त्यानंतर मोबाइलने सगळ्या नळ्यांची छायाचित्रे काढून ठेवावी. हा मला मिस्त्रींनी दिलेला सर्वांत चांगला सल्ला. नळी पुन्हा कुठे बसवायची याचा घोळ मग होत नाही. फिल्टरच्या डब्याकडून येणाऱ्या जाड नळीची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने सैल करावी आणि नळी अलगद काढावी. त्या नळीवर किंवा डब्यावर एक नाजूक तार-जोडणी दिसली तर ती हवा मोजणारे यंत्र असण्याचा संभव आहे. त्याला बोट लावू नये, आणि हा फवारा तर त्यावर मुळीच उडवू नये. सुटलेले स्क्रू ताटलीत ठेवावे आणि मोजावे. एखादा स्क्रू घशात पडला तर मोठे काम होऊन बसेल.

दुकानात थ्रॉटल बॉडी क्लीनर म्हणून डबा मिळतो. काही शे रुपयांचे काम. तोच आणावा. कार्ब्युरेटरचा क्लीनर कित्येकदा अधिक जहाल असतो आणि आतले रबर, लेप यांना इजा करू शकतो. पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसावे असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरवरची ठिणगीही तिला पुरते.

फवारा सरळ घशात भरभरून मारू नये. तो मऊ, सूत न सुटणाऱ्या कापडावर मारावा. जुने धोतर उत्तम. त्या कापडाने घशाची भिंत आणि झडपेची कड हलक्या हाताने पुसावी. कापड काळे झाले की नवी बाजू घ्यावी. माझी आठ घड्या लागल्या! फार चिकट जागी मऊ दातांचा जुना ब्रश चालतो. चाकू, पॉलिश पेपर, भांडी घासायची तारेची घासणी, यांना इथे मज्जाव. काही झडपांच्या कडेला बारीक लेप दिलेला असतो. तो निघाला तर फट मोठी होते आणि दुखणे कायमचे जडते.

झडपेच्या मागली बाजूही मळलेली असते. तार-ओढीची जुनी रचना असेल तर दुसरीने बाहेरून तार ओढून झडप उघडी धरावी, पहिलीने पुसावे. विजेच्या मोटरवाली झडप मात्र बोटाने रेटून उघडू नये. आतली दातेरी चाके बहुधा प्लास्टिकची असतात. तिथे हात पोचेल तेवढेच पुसून थांबावे, आणि मागली बाजू फारच मळली असेल तर मिस्त्रीकडे जावे.

काम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे सगळे वाळू द्यावे. नळी छायाचित्र पाहून बसवावी आणि पट्टी नीट आवळावी. फट राहिली तर न मोजलेली, न गाळलेली हवा आत शिरेल आणि साफसफाई करूनही इंजिन थरथरेल. शेवटी बॅटरीची तार जोडावी. प्रथम सुरू करताना इंजिन थोडे अडखळते, किंचित धूर येतो. कधी ते उलट जास्तच फेरे घेऊ लागते. याला घाबरू नये. घसा तुंबला असताना मोटारीच्या संगणकाने झडप थोडी जास्त उघडी ठेवावयाची सवय लावून घेतलेली असते. एसी, दिवे, पंखा बंद ठेवून इंजिन काही मिनिटे तसेच चालू द्यावे, म्हणजे ती सवय सुटते. काही मोटारींना याची खास रीत पुस्तिकेत दिलेली असते आणि काहींना गॅरेजातले यंत्रच लावावे लागते. एक दिवस चालवूनही फेरे जास्तच राहिले तर तिकडे जावे.

भाषणानंतर भगिनींनी विचारलेल्या प्रश्नांची मी दिलेली उत्तरे चिटणीसबाईंच्या आग्रहावरून येथे देते.

एकीने विचारले, "आमच्याकडे मोटार नाही, स्कूटर आहे. तिला घसा असतो का?" असतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, तेव्हापासूनच्या पेट्रोल स्कूटरींत सामान्यतः कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी रचना आली आणि तिच्याबरोबर लहानशी थ्रॉटल बॉडीही आली. पण तिथवर पोचण्यास प्लास्टिकची पुष्कळ आवरणे सोडावी लागतात. ते काम सर्व्हिसिंगच्या वेळी समोर उभे राहून करून घ्यावे. समोर उभे राहणे महत्त्वाचे.

सीएनजीच्या मोटारीविषयी प्रश्न आला. तिच्यातही हवा याच दारातून जाते, तेव्हा हीच रीत. फक्त गॅसच्या नळ्या आणि जोडण्यांना हात लावू नये.

गॅरेजवाले चिडले तर काय करावे, असेही एकीने विचारले. "नळी काढून आत दाखवा," एवढेच शांतपणे म्हणावे. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो. जो दाखवत नाही त्याच्याकडून गाडी परत आणावी.

आणि शेवटचा प्रश्न आमच्या शेजारच्या आजींचा होता. मळलेली कापडे चुलीत घातली तर चालतील का? मुळीच नाही. ती उन्हात, उघड्यावर, पसरून वाळवावी आणि मग कचऱ्यात द्यावी. रिकामा डबाही विस्तवात टाकू नये, त्याला भोकही पाडू नये. तो फुटतो.